ॲपवरचं ठिपक्यांचं वर्तुळ: मराठीचा दोष नेमका कुणाकडे न्यायचा?

प्रश्न: आमचा दहा-बारा स्वयंसेवकांचा गट आहे. मराठीतून लिब्रेऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच आणि फायरफॉक्स हा ब्राउझर वापरणाऱ्यांना आम्ही मदत करतो. लोक दोष सांगतात, आम्ही ते लिब्रेऑफिसच्या बगझिलात, म्हणजे दोषांच्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदवतो आणि त्यातले बरेच 'आमचा बग नाही' किंवा 'माहिती अपुरी' असा शेरा घेऊन बंद होतात. काही नव्या लोकांनी तर कळवणंच सोडून दिलं. कोणता दोष कुठे कळवायचा, आणि चुकीच्या दारात आलेल्याला न दुखावता योग्य दारी कसं न्यायचं?

उत्तर:

दोष कळवण्याची योग्य जागा म्हणजे तो दुरुस्त करू शकणारा माणूस जिथे रोज पाहतो ती जागा. प्रकल्पाचं नाव ओळखीचं आहे किंवा तिथे आपलं खातं आहे एवढ्यावर जागा ठरत नाही. लिब्रेऑफिसचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर दिसतो, पण ती नुसती प्रत आहे. बदल तपासले जातात गेरिटवर, दोष नोंदले जातात लिब्रेऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलात आणि भाषांतर होतं वेबलेटवर. एकाच प्रकल्पाची ही तीन दारं, आणि तिन्हींमागे बसलेली माणसं वेगळी.

मराठीच्या दोषांत गोंधळ जास्त होतो, कारण एक अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत चार-पाच प्रकल्पांच्या हातून जातं. कोणते वर्ण पाठवायचे ते कळफलक ठरवतो. ते साठवायचं काम लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्सचं. हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात असा सामाईक कोड, त्या वर्णांची जुळणी करते, म्हणजे वेलांटी आधी आणते, रफार वर चढवते, जोडाक्षर बांधते. प्रत्यक्ष आकार फॉन्टकडून येतो. यातल्या कुठल्याही पायरीवर चूक झाली तरी वापरणाऱ्याला ती 'लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट दिसत नाही' अशीच दिसते. तुमच्या नोंदी परत येतात त्याचं मुख्य कारण हे आहे. तुमची मेहनत कमी पडत नाही, पायरी ओळखायची राहून जाते.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण ही तक्रार तुमच्याकडेही येत असणार. कुणीतरी 'ॲप' लिहिलेलं असतं आणि पडद्यावर आधी अ, मग ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्या वर्तुळावर चंद्र असं काहीतरी दिसतं. तक्रार येते, 'फॉन्ट फुटला'. फॉन्ट बदलूनही वर्तुळ जात नाही. फायरफॉक्समध्येही तेच, क्रोममध्येही तेच. आता ते अक्षर लिब्रेऑफिस रायटरमध्ये चिकटवा, निवडा आणि ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबा. अक्षराच्या जागी त्याचे युनिकोड क्रमांक, म्हणजे जगभर प्रत्येक वर्णाला दिलेले ठरावीक क्रमांक, येतील. यू+०९७२ असा एकच क्रमांक आला तर मजकूर बरोबर आहे. यू+०९०५ आणि यू+०९४५ असे दोन आले तर मजकुरात 'ॲ' हा वर्ण नाहीच. तिथे सुटा अ आहे आणि त्यावर सुटा चंद्र लावलेला आहे.

'ॲ' हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी हा आकार हवा असेल तर अ वर चंद्र लावण्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून जुने मजकूर आणि काही जुने कळफलक अजून ती जोडी वापरतात. युनिकोडच्या प्रमाणात देवनागरी स्वरांचा एक तक्ता आहे. 'ॲ'साठी ही जोडी वापरू नका असं त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. हार्फबझ तो तक्ता पाळतो आणि अशी जोडी दिसली की मध्ये मुद्दाम वर्तुळ घालतो. म्हणून हा दोष लिब्रेऑफिसकडे नेलात तर बंद होईल, हार्फबझकडे नेलात तरी बंद होईल, आणि दोन्हीकडचे लोक बरोबरच असतील. न्यायचा तो ज्या कळफलकाने जोडी पाठवली त्याच्याकडे, किंवा जुना मजकूर असेल तर त्याच्या मालकाकडे. वर्तुळ कुणाला कितीही खटको, त्याच्यामुळे एक चूक उघडी पडते हेही लक्षात घ्या. वर्तुळ नसतं तर दोन्ही 'ॲप' डोळ्यांना सारखेच दिसले असते आणि शोध घेताना मात्र एक सापडला असता, दुसरा नाही.

बाकीच्या दिसण्याच्या दोषांसाठी दोन अदलाबदली करून पाहायच्या. आधी प्रोग्राम तोच ठेवून फॉन्ट बदला. मग फॉन्ट तोच ठेवून प्रोग्राम बदला. लिब्रेऑफिस ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, सगळ्या संगणक प्रणालींवर हार्फबझनेच अक्षरं जुळवतो. फायरफॉक्स आणि क्रोमही तोच वापरतात. त्यामुळे एका फॉन्टमध्ये दोष आहे आणि दुसऱ्यात नाही, तर संशय फॉन्टवर. कुठल्याही फॉन्टमध्ये आणि दोन्ही प्रोग्राममध्ये सारखाच दोष, तर मजकूर तपासा आणि मग हार्फबझकडे वळा. फक्त लिब्रेऑफिसमध्ये आहे आणि फायरफॉक्समध्ये त्याच फॉन्टने ठीक दिसतं, तरच तो लिब्रेऑफिसचा. चार-पाच मिनिटांची ही तपासणी नोंदीत लिहिली की अर्धं काम झालेलं असतं.

या चाचणीत एक सापळा आहे. आपण निवडलेला फॉन्टच खरोखर वापरला जातोय याची खात्री नसते. लिब्रेऑफिस देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात धरतो आणि त्या गटाचा फॉन्ट रोमन मजकुराच्या फॉन्टपासून वेगळा ठेवतो. शिवाय निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसेल तर ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणलं जातं. खात्री करायची सोपी रीत अशी: फाइल पीडीएफमध्ये निर्यात करा आणि पीडीएफ वाचकात दस्तऐवजाच्या गुणधर्मांमधला फॉन्टचा भाग उघडा. लिनक्सवर पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञाही हेच दाखवते. त्या यादीतलं नाव हा खरा फॉन्ट. मुक्त फॉन्टच्या नावाने केलेली तक्रार प्रत्यक्षात संगणकासोबत आलेल्या भलत्याच फॉन्टची निघते, ती इथे पकडली जाते.

'ऱ्य'चं प्रकरणही समजून घेण्यासारखं आहे. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला फरक मराठी वाचणाऱ्याला लगेच कळतो, पण दोष तपासणाऱ्या बर्लिनमधल्या किंवा साओ पावलोतल्या स्वयंसेवकाला दोन्ही आकृत्या सारख्याच. हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ, यू+०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग यू+२००डी हा न दिसणारा जोडवर्ण, मग य. मराठीसाठी पहिली रीत बरी. पहिल्या रीतीने बरोबर दिसतं आणि दुसरीने नाही, किंवा उलट, तर फॉन्टमध्ये त्या रीतीसाठीचा अर्ध्या अक्षराचा नियम राहिलेला असण्याची शक्यता जास्त. पण 'दऱ्या' लिहून जतन केलं आणि उघडल्यावर 'दर्या' झालं, तर तो दिसण्याचा दोष नव्हेच. कुठल्यातरी प्रोग्रामने मजकूर 'स्वच्छ' करताना तो न दिसणारा वर्ण उडवला आहे. तो दोष त्या प्रोग्रामचा आणि गंभीर आहे, कारण मजकूरच बदलला.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात ही तक्रार बहुतेक वेळा दोषच नसते. मराठी वळणाचे आकार फॉन्टमध्ये असतील तर ते तेव्हाच येतात, जेव्हा त्या मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असते. लिब्रेऑफिसच्या पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा हिंदी राहिली असेल तर फॉन्ट हिंदी आकार देणार. आधी लिहिलेल्या मजकुराची भाषा वेगळी बदलावी लागते. पर्याय बदलल्याने जुना मजकूर आपोआप मराठी होत नाही. वेबपानावर हेच काम पानाच्या भाषेच्या खुणेकडे असतं. ती खूण मराठीची ठेवूनही आकार हिंदी राहिले आणि फॉन्ट मराठी आकार असल्याचं सांगत असेल, तर मग नोंद करा.

पायरी सापडली की दारं अशी. नोटो देवनागरी या मुक्त फॉन्टचे दोष गिटहबवर नोटोफॉन्ट्स या संस्थेच्या देवनागरी नावाच्या रेपोत (कोडच्या साठ्यात). इतर मुक्त फॉन्टांचा पत्ता फॉन्टच्या परवान्याच्या किंवा माहितीच्या फाइलमध्ये असतो. गूगल फॉन्ट्सवरून घेतला असला तरी मूळ रेपो गाठलेला बरा. हार्फबझचं दारही गिटहबवरच आहे, पण तिथे स्क्रीनशॉट घेऊन रिकाम्या हाती जाऊ नका. एचबी-शेप ही त्यांचीच छोटी आज्ञा फॉन्टची फाइल आणि शब्द देऊन चालवा. ती प्रत्येक आकृतीचं फॉन्टमधलं नाव, ती कुठल्या वर्णापासून आली आणि तिची रुंदी छापते. त्या ओळीत नॉटडेफ दिसलं तर फॉन्टमध्ये आकृतीच नाही आणि तुम्ही चुकीच्या दारात आहात. ही एक ओळ, फॉन्टचा दुवा, नेमके वर्ण आणि अपेक्षित आकाराचं चित्र एवढं दिलं की तिथल्या माणसाला मराठी येण्याची गरजच उरत नाही.

मेनूतला शब्द चुकीचा किंवा इंग्रजीच राहिला असेल, तर बगझिलात नोंद करण्याऐवजी लिब्रेऑफिसच्या वेबलेटवर सुचवणी द्या. फायरफॉक्ससाठी तेच काम तो बनवणाऱ्या मोझिलाच्या पॉन्टून या स्थळावर होतं. मोझिलाच्या बगझिलात 'मोझिला लोकलायझेशन्स' या विभागात मराठीचा स्वतंत्र घटकही आहे; एका शब्दापुरता नसलेला, सगळीकडे पसरलेला प्रश्न तिथे न्यावा. वेबलेटवर एक गोष्ट हमखास चुकते. लिब्रेऑफिसची प्रत्येक चालू आवृत्ती आणि पुढची मुख्य शाखा यांचे प्रकल्प तिथे वेगवेगळे दिसतात. फक्त मुख्य शाखेत दुरुस्ती केली तर ती पुढच्या मोठ्या आवृत्तीत दिसते, आणि मोठ्या आवृत्त्या येतात वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास. मग सुचवणारा म्हणतो, 'मी सांगितलं, कुणी ऐकलंच नाही.' हे त्याला आधीच सांगा.

तारीख-महिन्यांच्या नावांचं तर वेगळंच आहे. कॅल्क या लिब्रेऑफिसच्या तक्त्यांच्या प्रोग्राममधलं महिन्याचं नाव चुकलं तर ते लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या मराठी स्थानिक माहितीच्या फाइलमधून आलेलं असतं, म्हणून बगझिला, घटक 'लोकलायझेशन'. ब्राउझरमध्ये चुकलं तर युनिकोडच्या सीएलडीआर या भाषावार स्थानिक माहितीच्या संग्रहातून, म्हणून युनिकोडच्या जिरा या नोंदवहीत तिकीट. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये डेट आज्ञेने चुकीचं छापलं तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या मराठी लोकॅलमधून (स्थानिक माहितीतून), म्हणून ती लायब्ररी जिथे असते त्या सोर्सवेअरचं बगझिला, घटक 'लोकॅलडेटा'. शब्द एकच, दारं तीन. लिनक्सच्या मूळ कळफलक-मांडण्यांसाठी फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवरचा (गिटहबसारख्याच स्थळावरचा) एक्सकीबोर्ड-कॉन्फिग हा प्रकल्प. शुद्धलेखन तपासणीचा शब्दकोश विस्तार म्हणून बसवला असेल तर तो विस्तार बनवणाऱ्याकडे.

लिनक्सवर आणखी एक फाटा फुटतो. वितरणाने, म्हणजे डेबियन किंवा उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाने, दिलेला लिब्रेऑफिस त्या वितरणाचाच हार्फबझ वापरत असतो. डॉक्युमेंट फाउंडेशनच्या संकेतस्थळावरून घेतलेला आपल्यासोबत आणलेला वापरतो. तिथली ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये सामावलेला प्रोग्राम, उतरवून, काहीही न बसवता, तोच दोष तिथे येतो का ते पाहा. तिथे येत नसेल तर तो वितरणाकडे न्या: डेबियनसाठी रिपोर्टबग, उबुंटूसाठी उबुंटू-बग ही आज्ञा, फेडोरासाठी रेड हॅटचं बगझिला.

आता खरोखर लिब्रेऑफिसचाच दोष ठरला, तर बगझिलात तो टिकेल कसा ते पाहू. आधी मदत मेनूतून 'सेफ मोड'मध्ये पुन्हा सुरू करून पाहा. बिघडलेल्या वापरकर्ता-प्रोफाइलमुळे होणारे विचित्र प्रकार तिथेच गळून पडतात. मग मदत मेनूतल्या माहितीच्या खिडकीतून आवृत्तीचा सगळा तपशील एका बटणाने कॉपी करून नोंदीत चिकटवा. त्यात आवृत्ती, बिल्ड, प्रणाली, चित्रण कशाने होतंय आणि लोकॅल हे सगळं येतं. 'ताजी आवृत्ती' असं लिहिलेलं काही महिन्यांनी निरर्थक होतं.

नोंदीच्या अर्जातला 'आवृत्ती' हा रकाना बहुतेक जण चुकीचा भरतात. तिथे तुम्ही वापरता ती आवृत्ती अपेक्षित नसते. दोष ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीत दिसला ती अपेक्षित असते. म्हणून नंतर कुणी 'अजूनही आहे' म्हणून तो रकाना नव्या आकड्याने बदलला तर माहिती पुसली जाते. नवा आकडा टिप्पणीत लिहायचा. जुन्या आवृत्त्या संग्रहात उतरवायला मिळतात. दोष आधी नव्हता आणि मधल्या एखाद्या आवृत्तीत आला हे दाखवता आलं तर त्या नोंदीचं वजन एकदम वाढतं, कारण तो नेमका कुठल्या बदलाने आला हे शोधण्याची यंत्रणा त्यांच्याकडे आहे. तुमच्या गटाने हे एक काम अंगावर घेतलं तरी मोठा उपयोग होईल.

नमुना फाइल एका ओळीची करा. लोक कार्यालयातलं चाळीस पानी परिपत्रक जोडतात. एक तर त्यात दोष शोधायला कुणाला वेळ नसतो, आणि दुसरं, बगझिलातली जोडलेली फाइल जगाला दिसते. नावं, फोन, आधार क्रमांक असलेली फाइल एकदा गेली की परत घेणं कठीण. नवी कोरी फाइल, एक शब्द, एक फॉन्ट. तेवढ्यात दोष येत नसेल तर मूळ फाइलमधून अर्धा-अर्धा मजकूर उडवत जा. दोष कुठल्या अर्ध्यात राहतो ते पाहत गेलं की दहा-अकरा खेपांत एक ओळ उरते. जाता जाता हेही सांगा: बगझिलात खात्याचा ईमेल लॉग-इन केलेल्या इतरांना दिसू शकतो, तेव्हा नव्या माणसाने वेगळा ईमेल वापरावा.

नवी नोंद 'अनकन्फर्म्ड' म्हणून सुरू होते. दुसऱ्या कुणीतरी तो दोष आपल्या संगणकावर पाहिला की ती 'न्यू' होते. स्वतःची नोंद स्वतः 'न्यू' करायची नसते. तुम्ही दहा-बारा जण आहात, मग वेगळ्या संगणकावर, शक्यतो वेगळ्या प्रणालीवर, एकमेकांच्या नोंदी खरोखर करून पाहा आणि आपली आवृत्ती लिहून दुजोरा द्या. हे पूर्ण नियमात बसतं. 'मलाही होतं' अशा दहा ओळी मात्र नकोत. त्याने प्रत्येक संबंधिताला दहा ईमेल जातात आणि हाती काही लागत नाही. फक्त कळत राहायला हवं असेल तर आपलं नाव सीसी यादीत, म्हणजे नोंदीतले बदल ईमेलने कळणाऱ्यांच्या यादीत, घालावं.

'नीडइन्फो' (माहिती हवी) हा शेरा लोकांना नकारासारखा वाटतो. तो प्रश्न आहे. उत्तर द्या आणि स्थिती परत 'अनकन्फर्म्ड' करा. हे दुसरं पाऊल राहून गेलं की नोंद प्रश्नाच्या कप्प्यातच पडून राहते, सुमारे सहा महिन्यांनी स्मरणपत्र येतं आणि मग ती 'माहिती अपुरी' म्हणून बंद होते. तुमच्या बंद झालेल्या नोंदी उघडून पाहा. काहींत उत्तर दिलेलं असेल आणि स्थिती मात्र तशीच राहिलेली असेल. त्या आजही पुन्हा उघडता येतात.

भाषेची अडचण खरी आहे आणि ती संकोचाची जास्त आहे. नोंद इंग्रजीत लागते, पण चार साधी वाक्यं पुरतात: काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, कुठे ठीक दिसतं. मराठी शब्द मजकूर म्हणूनच द्या, सोबत त्याचे युनिकोड क्रमांक. दोन चित्रं द्या, एक दिसतं ते आणि एक दिसायला हवं ते, आणि दोन्हींवर त्याच अक्षराभोवती लाल वर्तुळ काढा. शीर्षकात 'मराठी चुकीची दिसते' लिहू नका. लिपीचं नाव, अक्षर, काय बिघडतं आणि कशात, एवढं शीर्षकातच यायला हवं. आधीची नोंद शोधताना फक्त 'मराठी' शब्दावर थांबू नका. 'देवनागरी', 'इंडिक', 'सीटीएल' (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट), 'रेफ', 'आयलॅश' ('ऱ्य'मधला अर्धा र) हे शब्द इंग्रजीत घालून शोधा. मराठीचा दोष हिंदी किंवा नेपाळी वापरणाऱ्याने आधीच कळवलेला असतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, माणसाला वळवण्याचा. इथे माझं मत ठाम आहे: कुणालाही रिकाम्या हाताने दुसऱ्या दारी पाठवायचं नाही. 'हे इथलं नाही, हार्फबझकडे कळवा' असं लिहून बंद करणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण त्या माणसाने पुन्हा नवं खातं काढायचं, नवा अर्ज समजून घ्यायचा, सगळं पुन्हा लिहायचं, आणि तिथेही कुणी 'इथलं नाही' म्हटलं तर? दोन हेलपाट्यांत माणूस सुटतो. त्याऐवजी नोंद तुम्ही न्या. ॲपच्या तक्रारीला उत्तर असं असावं:

'नमस्कार. तुमची फाइल उघडून पाहिली, वर्तुळ माझ्याकडेही दिसतं. या मजकुरात ॲ हा एक वर्ण नाही. अ आणि वरचा चंद्र असे दोन वेगळे वर्ण आहेत, आणि अक्षरं जुळवणारी लायब्ररी अशा जोडीत मुद्दाम वर्तुळ घालते. म्हणजे बदल कळफलकात व्हायला हवा. तुम्ही कोणता कळफलक वापरता तेवढं सांगा. त्यांच्याकडे नोंद मी करतो आणि तिचा दुवा इथे देतो. जुन्या फाइलमधली अक्षरं शोधा-बदला वापरून एकदम दुरुस्त करता येतात: चुकीचं अक्षर मजकुरातून कॉपी करून वरच्या रकान्यात, बरोबर अक्षर खालच्या रकान्यात.'

यात चार गोष्टी आहेत: मी पाहिलं, कारण हे, पुढचं काम कुणाचं, आणि तोवर काय करायचं. नवी नोंद केल्यावर दोन्हीकडे एकमेकींचे दुवे द्या. बगझिलात त्यासाठी 'सी ऑल्सो' हा रकाना आहे. मूळ कळवणाऱ्याला विचारून त्याची फाइल पुढे न्या आणि दोष त्याने शोधला हे नव्या नोंदीत लिहा. नवी नोंद झाल्यावरच जुनी बंद करा, आधी नाही. आणि 'कसं करायचं' असे प्रश्न दोष म्हणून आले तर आधी उत्तर द्या, मग पुढच्या वेळी लिब्रेऑफिसचं प्रश्नोत्तरांचं स्थळ आहे हे सांगा. क्रम उलटा झाला की तेच वाक्य हाकलल्यासारखं वाटतं.

एक अपवाद मात्र कडक आहे. बाहेरून आलेली फाइल उघडताच प्रोग्राम कोसळतो किंवा न विचारता काही चालवतो, अशी तक्रार आली तर ती कुठल्याही सार्वजनिक नोंदीत लिहू नका, गटाच्या गप्पांतही नाही. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा सुरक्षेसाठीचा खासगी पत्ता असतो. मोझिलाच्या बगझिलात नोंद करतानाच सुरक्षेची खूण करता येते आणि मग ती लपलेली राहते. गिटहबवरच्या प्रकल्पात सिक्युरिटी नावाची फाइल शोधा. शंका असेल तर सुरक्षेचा दोष समजूनच चाला. खासगी नोंद नंतर उघडी करता येते, उघडी झालेली परत झाकता येत नाही.

तुमच्या गटाचा स्वतःचा रेपो असेल, कळफलकाचा किंवा शब्दकोशाचा, तर गिटहबवर ही दारं आधीच मांडून ठेवता येतात. डॉटगिटहब या फोल्डरात इश्यू-टेम्प्लेटचा, म्हणजे नोंदींच्या (इश्यूंच्या) नमुना-अर्जांचा, फोल्डर करा आणि त्यातल्या कॉन्फिग फाइलमध्ये कोरे इश्यू बंद करा. त्याच फाइलमध्ये बाहेरच्या दारांचे दुवे देता येतात, प्रत्येकाला नाव आणि एका ओळीचं वर्णन. हे वर्णन मराठीत आणि वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहा. 'रेंडरिंगचे प्रश्न' म्हटलं तर कुणाला कळणार नाही. 'अक्षर बरोबर टाइप होतं पण चुकीचं दिसतं' म्हटलं की कळतं. अर्जात सक्तीचे रकाने तीनच ठेवा: आवृत्ती, काय केलं, काय झालं. दहा रकाने सक्तीचे केले की लोक टिंबं टाकून पुढे जातात. सक्ती फक्त सार्वजनिक रेपोंतच लागू होते हेही ध्यानात असू द्या. चुकून आलेला इश्यू तुमच्याच संस्थेच्या दुसऱ्या रेपोत थेट हलवता येतो, दोन्हीकडे लिहिण्याचा अधिकार असेल तर. दुसऱ्याच्या संस्थेत मात्र हलवता येत नाही, तिथे वरची हाताने नेण्याची रीत.

सगळीकडे बगझिला किंवा गिटहब असेल असंही धरू नका. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, बहुतेक मेंटेनर (कोड सांभाळणारे) ईमेल-यादीवरच काम करतात. कोणाला लिहायचं ते मेंटेनर्स नावाच्या फाइलमध्ये असतं, आणि ईमेल साधा मजकूर लागतो. सजवलेला एचटीएमएल ईमेल यादी नाकारते. गिट हा कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रकल्पही ईमेलवरच चालतो, मात्र २०२० पासून त्यात गिट बगरिपोर्ट ही आज्ञा आहे; ती प्रश्नांसकट मसुदा बनवून देते. नव्या प्रकल्पात पहिल्यांदा जाताना कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची फाइल वाचायला दहा मिनिटं द्या.

दुरुस्ती झाली की कळवणाऱ्याला ती केव्हा मिळेल तेही सांगा. लिब्रेऑफिसची दुरुस्ती नोंदीत लिहिलेल्या लक्ष्य-आवृत्तीत येते. तोवर रोजचा ताजा बिल्ड उतरवून तपासता येते आणि ठीक असेल तर नोंद 'व्हेरिफाइड' करता येते. हे काम गटातल्या नव्या माणसाला द्या, त्यात शिकायला भरपूर आहे. फॉन्टमधली दुरुस्ती आधी मूळ रेपोत येते, मग गूगल फॉन्ट्सवर, मग वितरणाच्या संचात, आणि कार्यालयातल्या संगणकावर कुणीतरी तो संच नवा केल्यावरच. सीएलडीआरचं तर प्रकाशन वर्षातून दोनदा, त्यानंतर ते ब्राउझरमध्ये उतरणार. 'दुरुस्त झालं' एवढंच कळवलंत तर तो माणूस दुसऱ्याच दिवशी पाहतो, त्याला जुनंच दिसतं आणि तो पुन्हा नवी नोंद करतो. आवृत्तीचा आकडा आणि अंदाजे महिना लिहा.